उजव्या सोंडेचा

"काकू, सोंड बघा!" मंडळातल्या वेदांगनं हातातली वायर तशीच धरून ठेवली. "उजवीकडे वळलीय!"

शोभनानं पाहिलं. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या त्या सभागृहाचे पडदे ओढलेले होते. लाकडी बैठकीतले एलईडी दिवे नुकतेच लागले होते. खालून शिरलेला उजेड जाड काचेतून वर चढला होता आणि जिथं कोरलं होतं तिथंच थांबला होता. कान, पोट, मोदक धरलेला हात, सगळं पांढरंशुभ्र उजळलेलं. आणि सोंड उजवीकडे.

"उद्या प्रतिष्ठापना," मराठी मंडळाची चिटणीस ऋचा हळूच म्हणाली. "उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळं, काकू. इथं कोण करणार? हॉल सांभाळणारा हाउसमाइस्टर तर अगरबत्तीलाही नाही म्हणतो."

शोभना काच मागच्या बाजूनं कोरायची, म्हणजे समोरून बघणाऱ्याला आकृती बाहेर आल्यासारखी दिसते. त्यासाठी चित्र आधी उलटं करून काचेवर चिकटवावं लागतं.

"मी चित्र उलटं करूनच पाठवलं होतं," वेदांग पुटपुटला. "म्हटलं, तुमचा त्रास वाचेल."

"आणि मी सवयीनं पुन्हा उलटं केलं," शोभना म्हणाली. "तपासायचं काम माझं होतं. चूक माझी."

तीन आठवडे ती घराखालच्या केलरमध्ये, वाळूचा झोत मारून काच कोरायच्या पेटीत हात घालून उभी राहिली होती. पेटीच्या छोट्या खिडकीतून तिला काचेची मागची बाजू दिसे. त्या बाजूनं सोंड डावीकडेच होती, कोल्हापूरला माहेरी दरवर्षी बसायचा त्या गणपतीसारखी. त्यामुळे तिचं मन कुठं अडखळलंच नाही.

"आल्झो, मग सिंपल आहे की!" वेदांगचा चेहरा उजळला. त्यानं काच उचलली, फिरवली आणि बैठकीच्या खाचेत परत बसवली. "झाला डाव्या सोंडेचा!"

सोंड डावीकडे आली खरी. पण पोटाच्या जागी खड्डा पडला. कपाळाची वाटी झाली.

"फिरव परत," शोभना म्हणाली.

"काकू, सोंड बरोबर आलीय आता."

"सोंड आली, गणपती गेला. त्याची पाठ आहे ती."

"लांबून कुणाला कळणार आहे?"

हेच वाक्य कधीकाळी तिनं स्वतः म्हटलं होतं. नवऱ्याबरोबर, हरीशबरोबर, ती एक्याऐंशी साली इथं आली. तो इंजिनिअर. तिच्या बी.ए.ला इथं कुणी विचारत नव्हतं. क्नोल नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं तिला सांडलेली वाळू झाडायला ठेवली आणि दोन वर्षांनी हातात वाळूची बंदूक दिली. एकदा न्हाणीघराच्या दारावर तिच्या हातून बारीक ओरखडा उठला, बिजागरीच्या आड जाणारा. "कुणाला कळणार?" ती म्हणाली. क्नोलनं हातोडा आणला आणि दार फोडलं. त्या दिवशी ती संडासात जाऊन रडली. पुढं मात्र ती त्याच्यापेक्षा कडक झाली. सव्वीस वर्षं तिनं नेचे कोरले, हंस कोरले, दातांच्या डॉक्टरांसाठी लाटा कोरल्या. एकाही काचेवर तिचं नाव नव्हतं. मराठी मंडळात ती होती हरीशची बायको, अर्धवेळ काहीतरी काम करणारी. हरीश जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. आपल्या माणसांसमोर ठेवायला तिनं कोरलेली ही पहिली वस्तू होती. मनगट आता साथ देत नव्हतं, म्हणजे बहुधा शेवटचीही.

"पहाटे येते," ती म्हणाली. "सोवळ्यानं पूजा मी करते. तो कडक असेल, तर मी कुठं मऊ आहे?"

"हॉल दहाला उघडतो, काकू," ऋचा म्हणाली. "आणि लोक कुजबुजतील ते वेगळंच."

"मग घरी नेते."

"असं काय करता?" वेदांगचा आवाज चढला. "पोस्टरवर छापलंय, काचेचा गणपती म्हणून! एवढं काय त्यात, एका बाजूचं?"

"शहरात मिळेल की लेझरनं केलेला. पुढून मागून सारखाच. मनाला येईल तसा फिरवा."

"तुम्ही ना, अगदी जर्मन झालात!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," शोभना म्हणाली आणि तिनं वायर काढली.

उजेड गेल्यावर काच नुसती काच दिसू लागली. ऋचानं ती गोधडीत गुंडाळायला मदत केली. "निदान गाडीनं सोडते."

"सोड. बैठक मागं ठेव, पण काच माझ्या मांडीवर."

दुपारी ती पुन्हा केलरमध्ये उतरली. काचेच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात तिनं जाड चिकटपट्टी लावली आणि धारदार पात्यानं तिच्यावर आपलं नाव कापलं. उलटं लिहायला तिला कागद लागला नाही. पेटीत हात घालून तिनं पायानं हवा सुरू केली. कोपर पेटीच्या कडेला टेकवून तिनं मनगट धरून ठेवलं. तीन अक्षरं सारख्या खोलीची उतरली.

रविवारी पहाटे न्हाऊन तिनं रेशमी लुगडं नेसलं. उपाशीपोटी एकवीस मोदक वळले. काच पुढल्या खोलीत टेबलावर बैठकीत बसवून खालचे दिवे लावले. उजेड सोंडेला लागला तसाच खाली नावालाही लागला.

साडेअकराला वेदांगचा फोन आला. मागे ढोलकी वाजत होती. "काकू, राग सोडा. मागच्या वर्षीची मूर्ती बसवलीय. आरतीला येताय ना? लोक विचारतायत."

"काय विचारतायत?"

"काचेचा कुठंय म्हणून."

"त्यांना सांग, उजव्या सोंडेचा आहे आणि शोभनाच्या घरी बसलाय. घरची आरती टाकून मी कशी येऊ?"

फोन ठेवून तिनं निरांजन पेटवलं. उजव्या हातात तबक घेतलं, डाव्या हातात घंटा, आणि घसा खाकरून मोठ्यानं आरती सुरू केली. दोन्ही हात गुंतले होते, त्यामुळे टाळ्या तेवढ्या राहिल्या.