गोदूचं राहिलेलं जावळ

मित्रांनो, दात घासायचा ब्रश म्हणून मी जन्माला आलो, ब्रश म्हणूनच म्हातारा झालो, पण दाताशी माझी गाठ आजवर पडलेली नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यातला. लालचुटूक दांडा, त्यावर सोनेरी अक्षरं आणि डोक्यावर ताठ पांढरे केस. ते केस कोणत्या प्राण्याचे होते हे मात्र विचारू नका. त्या काळी कुणी विचारत नसे, आणि विचारलंच तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत असे. माझ्या खोक्यावर बत्तीशी दाखवून हसणाऱ्या एका साहेबाचं चित्र होतं. ते बघून मला वाटायचं, आपलंही एखाद्या तोंडात असंच सोनं होणार.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गोदीत काम करणाऱ्या कमळाकरने मला विकत घेतलं आणि भाऊबीजेला पनवेलला आपल्या बहिणीकडे, भीमाबाईकडे आणलं. खाडीच्या अंगाला मिठागरात राबणाऱ्यांची दहा-बारा घरं होती, त्यातलं हे एक. घरात माणसं चार. भीमाबाई, तिचा नवरा दयाराम, त्यांची तेरा वर्षांची लेक गोदू आणि दयारामची थोरली बहीण ठमाबाई. ही ठमाबाई म्हणजे गोदूची आत्या. नवरा वारल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तिचा आवाज बाजाराच्या मापाचा होता आणि घरातही ती तेच माप वापरायची.

कमळाकरने मला खोक्यातून काढून ऐटीत सांगितलं, "ह्यो सगळ्यांना मिळून हाय."

सगळ्यांना मिळून एक! अहो, चौघांत एक कलिंगड पुरतं, ब्रश नाही. पण तो प्रश्नच आला नाही. ठमाबाईने मिश्रीने काळ्याभोर झालेल्या दातांवरून जीभ फिरवली, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "दातांना केस लावायचे? उद्या भाताला मिशा लावाल!" झालं. माझी रवानगी कोनाड्यात झाली. पुढचे तीन महिने मी तिथे पडून होतो. एकदा माझ्याकडून कंदिलाची जाळी घासून घेतली, एकदा भीमाबाईची नथ. मी मनातल्या मनात इतका रडलो म्हणता, पण ब्रशाचे अश्रू पुसतो कोण?

आता गोदूच्या केसांबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण त्यांचंच आहे. तिच्या दोन वेण्या चांगल्या कमरेपर्यंत होत्या. पण कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर बोटभर लांबीचे, लव असावी तसे मऊ केस होते. ते वेणीत जात नसत आणि तेलाला जुमानत नसत. चोपून बसवले की घटकाभर बसायचे, मग एकेक करून उठायचे. गोदूला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायचं ते आत्याला.

आत्याचं म्हणणं असं, की हे साधे केस नव्हेतच. हे गोदूचं राहिलेलं जावळ. दीड वर्षाची असताना गोदूला जावळ काढायला कार्ल्याला एकवीरा आईच्या डोंगरावर नेली होती. तिथे तिने न्हाव्याच्या अंगठ्याला असा कडकडून चावा घेतला, की पुढची चार बोटं जागा तशीच सोडून तो उठला. तेच हे केस. देवीचं ते देवीला दिलं नाही म्हणून ते बारा वर्षं तान्ह्या पोरासारखे राहिले, वाढले नाहीत.

त्यातच मास्तरांनी दयारामला बोलावून सांगितलं, "पोरगी हुशार आहे, जूनपासून हायस्कुलात घाला." त्या आळीतली एकही मुलगी तोवर हायस्कुलात गेली नव्हती. दयाराम हरखून घरी आला आणि आत्या कडाडली.

"देवीचं कपाळावर ठेवून घेतलंय आनि निघाली इंग्रजी शिकायला! ते काय नाय. चैतात यात्रेला जायचं, पुढचे केस काढायचे, मग खुशाल जाऊ दे."

"पुढनं टक्कल घेऊन मी शाळेत जानार नाय," गोदू म्हणाली. "जूनमदी नाय, कवाच नाय." आणि ती जे बोलायची ते करायची, हे त्या न्हाव्याच्या अंगठ्यालाही ठाऊक होतं.

दयाराम बिचारा मध्ये सापडला. बहिणीचा धाक आणि लेकीची माया. शेवटी त्याने तोडगा काढला, "पाडव्यापर्यंत बघू. केस नीट बसले तर ते जावळ नाय. नाय बसले तर काढू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूने मला कोनाड्यातून उचललं. फणीचे दात त्या लवेला पकडू शकत नव्हते, पण माझे केस बारीक आणि ताठ. तिने मला खोबरेल तेलात बुडवून कपाळावर फिरवलं आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण कामाचे आहोत! गोदूची शाळा आता माझ्या हातात होती. म्हणजे मला हात नाहीत, पण तुम्हाला कळलं.

तेलावर केस शाळेची घंटा होईपर्यंत टिकले. मग भीमाबाईने गुळाचं पाणी करून दिलं. त्याने केस असे बसले, की वर्गातल्या मुली वळून वळून बघायला लागल्या. दुपारी खिडकीतून मुंग्यांची एक रांग आली, बाकावरून चढली आणि वेणीच्या वाटेने थेट कपाळावर पोचली. गोदूने बोंब ठोकली. मास्तरांनी तिला रांगेसकट घरी पाठवलं.

मग आला बाभळीचा डिंक. तो लावला तेव्हा पाण्यासारखा होता, पण वाळल्यावर त्याने कपाळाची कातडी अशी वर ओढली, की गोदूच्या भुवया मध्यावर जाऊन थांबल्या. त्या खाली येईनात. दिवसभर पोर कुणी मेल्याची बातमी ऐकल्यासारखी दिसत होती. आत्या बाजारातून आली आणि सहज म्हणाली, "आज बोंबील सगळे खपले." गोदूचा चेहरा बघून तिचा पारा चढला. "खपले म्हटलं, बुडाले नाय! एवढं दचकायला काय झालं?" शेजारची गुणाबाई दाराशी येऊन हळूच विचारून गेली, कोण गेलं म्हणून. माझी दशा तर विचारूच नका. माझे सगळे केस एकमेकांना चिकटून मी नुसता दगड झालो होतो. भीमाबाईने मला रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं आणि सकाळी एकेक केस सोडवला. तिचे ते उपकार मी विसरणार नाही.

अखेर गुण आला तो जास्वंदीच्या पानांना. पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत चीक निघतो. त्यात मला बुडवून गोदूने हळूहळू केस मागे नेले आणि काय सांगू, केस बसले ते बसलेच! ना मुंग्या, ना भुवया. सलग आठ दिवस आत्या रोज संध्याकाळी गोदूच्या कपाळावरून उलटा हात फिरवायची आणि तशीच आत जायची. दयाराम गालात हसायचा. मी तर कोनाड्यात छाती काढून उभा राहायला लागलो होतो.

पाडवा उजाडला. गोदूने पहाटेच उठून केस बसवले. आणि आत्याने हाक मारली, "ये गो न्हायला!"

पाडव्याला डोक्यावरून अंघोळ असते, हे आम्ही कुणीच ध्यानात घेतलं नव्हतं. भीमाबाईने नाही, गोदूने नाही, आणि मी तर नाहीच. आत्याने शिकेकाई लावून स्वतःच्या हातांनी तिचं डोकं खसाखसा चोळलं, पंच्याने पुसलं आणि उन्हात उभी केली. एकूण एक केस ताठ उभा. दयारामने मान खाली घातली. गोदू रडली नाही, पण तिने गुढीला नमस्कारही केला नाही. मला इतकी लाज वाटली, की परत कंदिलाची जाळी घासायला लावतील तर बरं, असं झालं.

सहा दिवसांनी एस.टी.ने आम्ही कार्ल्याच्या फाट्यावर उतरलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. गोदूने मला परकराच्या नेफ्यात खोचून घेतलं होतं, कशासाठी ते तिलाच ठाऊक. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं, म्हणून कमळाकरही रजा टाकून आला होता. डोंगर चढता चढता सगळे घामाने निथळले. वर न्हाव्यासमोर कमळाकर मांडी घालून बसला आणि तेरा वर्षांची गोदू त्याच्या मांडीवर बसली. "आये गं!" कमळाकर विव्हळला. "मांडी गेली माझी! लवकर आटपा रं!"

न्हावी म्हातारा होता. तो वस्तरा पाजळत होता, आणि आत्या त्याच्यासमोर वाकून कुठून कुठपर्यंत काढायचं ते बोटाने दाखवत होती. तेवढ्यात डोंगरावरचा वारा सुटला. घरातही कधी न ढळणारा आत्याच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. न्हाव्याने एकदा गोदूच्या कपाळाकडे पाहिलं, एकदा आत्याच्या, आणि वस्तरा खाली ठेवला.

"म्हातारे, पोरीचं र्‍हायलंय म्हनतीस, मग तुजं काय झालंय? आधी कुनाचं काढू?"

आत्याच्या कपाळावर, कानशिलांवर तेच केस होते. तेवढेच आखूड, तसेच मऊ, फक्त पांढरे. सगळे वाऱ्यावर उभे. कमळाकर मांडी विसरून हसला. दयाराम हसला. रांगेतल्या बायका हसल्या. आत्याचा हात कपाळावर गेला आणि तो तिथेच राहिला. मग ती मटकन पायरीवर बसली.

"माझं तीनदा काढलंय," ती म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "तान्ही असताना, मग नऊ वर्साची असताना, मग लग्नाच्या आधी. तीनदा परत आले. मना वाटलं, देवीनं माझं घेतलंच नाय. म्हनून पोर झालं नाय. म्हनून धनी गेला." तिने गोदूकडे पाहिलं. "हिचं तसं नको व्हायला. शाळेचं मना काय नाय गो. मना भ्या वाटतं."

माझं मन भरून आलं. गोदू मामाच्या मांडीवरून उठली. तिने नेफ्यातून मला काढलं, न्हाव्याच्या वाटीतल्या पाण्यात बुडवलं आणि आत्याच्या शेजारी बसून तिच्या कपाळावरून फिरवायला लागली. एकदा, दोनदा, हळूच.

"आत्ये, तुझे माझ्यासारखेच हायत गो."

"चल हट," आत्याने डोळे पुसले. "मी आधी जन्मले. तुझे माझ्यासारखे हायत."

मग तिने पदर सावरला, न्हाव्याला नारळ दिला आणि म्हणाली, "वस्तरा ठेव. आईनं माझ्या घराला दिलंय ते मी परत द्यायला कशाला येऊ?" गोदूने उठून देवीला कपाळ टेकवून नमस्कार केला, आत्यानेही केला, आणि वस्तरा न वापरता आम्ही डोंगर उतरलो.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी गोदूने जास्वंदीचा चीक काढला आणि मला हातात घेतलं. नवी शाळा, नवी माणसं, तिला जरा धाकधूक वाटत होती. आत्या मागून आली आणि तिने मला गोदूच्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे उभे," ती म्हणाली. "कुनी इचारलं तर सांग, आत्याचे हायत."

गोदू तशीच गेली. त्या दिवसापासून मला काम नाही आणि मला त्याचं दुःखही नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचा पदर किंवा टोपी बाजूला सारून एकदा कपाळ नीट बघा. तुमचं काहीबाही तिथे सापडेल. सापडलं तर ते बिनघोर तसंच उभं राहू द्या. आणि मला कधी हातात घेतलंत, तर काम झाल्यावर स्वच्छ धुवा आणि केस वर करून उन्हात ठेवा. ओला ठेवलात, तर मी कुजतो.