सीलबंद डबा

मिस्त्रीनं जन्मभर लोकांच्या गाड्या रस्त्यावर आणल्या, पण थोरल्या भावाची गाडी तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. तिच्या ब्रेकचा मुख्य सिलिंडर गेला होता आणि त्या गाडीचे सुटे भाग बनायचे बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती.

शुक्रवारी दादाचं ऑपरेशन होतं. डॉक्टर हातचं राखून बोलले होते. दादानं एवढंच मागितलं, "त्याआधी एक चक्कर मार. मी शेजारी बसतो."

बुधवारी मिस्त्री जुन्या मालाच्या दुकानात गेला. दुकानदार जाऊन सहा महिने झाले होते. त्यांची बायको उरलासुरला माल विकत होती. तिनं सिलिंडरचे दोन डबे समोर ठेवले. एक फाटका, उघडा. दुसरा कारखान्यातून निघाला तसा सीलबंद, लेबलाचा रंगसुद्धा न विटलेला.

"उघड्यातल्याला ह्यांनी नवं रबर घातलंय. तो न्या, मिस्त्री."

"खोललेला माल नको, वहिनी. अस्सल ते अस्सल."

"मग दुसरा इथंच उघडून बघा."

"सील गाडीपाशीच तोडायचं, असं उस्तादांनी शिकवलंय."

"तुमचे उस्ताद आणि आमचे हे, एका माळेचे मणी," वहिनी म्हणाल्या. "डब्यांवर जीव."

शेडमध्ये दादा खुर्चीवर बसून होता. मिस्त्रीनं सील तोडलं. धातू आरशासारखा चमकला.

"मलाही असं डब्यात ठेवलं असतं, तर मीही असाच राहिलो असतो," दादा म्हणाला.

मिस्त्री हसला आणि त्यानं आतला दट्ट्या दाबला. तो हलेना. जोर लावून बाहेर काढला, तर रबराच्या कड्यांचा वाळल्या मातीसारखा भुगा तळहातावर पडला. बंद डब्यातही रबर म्हातारं होतं, हे त्यानं हाताखालच्या कितीतरी पोरांना शिकवलं होतं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. "तुमची पाठ वळली आणि गिऱ्हाईक आलं," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "तुम्हाला नको होता ना." तसं रबर बनवून घ्यायचं तर महिना लागणार होता.

संध्याकाळी त्यानं सीट पुसली, दादाला हाताला धरून आत बसवलं आणि इंजिन चालू केलं. ते पहिल्या झटक्यात लागलं.

"चल ना," दादा म्हणाला.

"ब्रेक नाहीत, दादा. चांगला सिलिंडर समोर होता. मी डब्याला भुललो."

दादानं समोरच्या काचेवर बोट फिरवलं.

"लहानपणी खेळण्यांचे खोके जपायचास तू," तो म्हणाला. "खेळायचो मी."

मिस्त्रीनं इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला.

"राहू दे. दिवे लाव."

दिवे लागले. उजेड चार हातांवरच्या भिंतीवर पडला. शेडचं दार पाठीमागे सताड उघडं होतं, आणि दोघे भाऊ भिंतीकडे बघत बसून राहिले.