नऊ मीटरची फळी

“सकाळपासून वाळू ओढून राहिलो, अन् मागची अर्धी वाळू कोरीच्या कोरी,” दाताळं टेकवून मैदान राखणारे नत्थुजी स्वतःशीच करवादले. “साऱ्या पोरी अलीकडेच पडतात. मंग एवढा खड्डा भिजवाले लावता कायले बाप्पा?”

रागिणीबाई शेजारीच उभ्या होत्या. एरवी त्यांनी म्हाताऱ्याला दोन शब्द परत दिले असते, पण आज त्यांचं सगळं लक्ष अपेक्षाच्या पायांकडे होतं. अकोल्याच्या मैदानावर विभागाच्या शालेय स्पर्धा होत्या. मुलींच्या तिहेरी उडीला अजून अर्धा तास होता, आणि अपेक्षा सरावाची पहिली उडी मारायला निघाली होती. पहिल्या दोघी राज्याला जाणार. नांदगाव खंडेश्वरची ही पोर गेल्या वर्षी चार सेंटिमीटरनं तिसरी आली होती, आणि सतरा वर्षांखालच्या गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष.

तिहेरी उडीत रागिणीबाई डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवत. फळीवर पाय पडतो, त्याच पायावर पहिली झेप उतरते, दुसऱ्या पायावर दुसरी, आणि तिसरी थेट वाळूत. टक, टक, टक, धप. आवाज सारख्या अंतरानं आले की उडी जमली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अमरावतीच्या एका शाळेच्या ग्रंथालयात त्या पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या. रद्दीत निघालेलं खेळाच्या नियमांचं पुस्तक त्यांनी घरी नेलं, उरलेलं मोबाइलवर पाहिलं, आणि शाळेमागच्या पडीक जागेत तुराट्या आडव्या मांडून पोरींना त्यांवरून उडवायला लागल्या. पोरी पाणी प्यायला गेल्या की बाई हळूच एक तुराटी बोटभर पुढे सरकवायच्या. पोरींना कळायचंच नाही आपण कधी लांब उडायला लागलो ते.

अपेक्षा धावली. टक, टक, भस्स.

दुसऱ्या झेपेचा पाय घोट्यापर्यंत वाळूत रुतला आणि ती तोंडावर आपटली.

“मॅडम, जमीनच संपली!” तोंडातली वाळू थुंकत ती ओरडली.

संपली होती खरी. मुलींची फळी खड्ड्यापासून सात मीटरवर होती, आणि अपेक्षाच्या पहिल्या दोन झेपाच मिळून सव्वासात मीटर जायच्या. रुतलेल्या पायानं तिसरी घ्यायची कशी? गेल्या वर्षी तिला हा त्रास नव्हता. तेव्हा ती एवढी लांब जात नव्हती.

रागिणीबाई तडक पंचांच्या टेबलापाशी गेल्या.

“धर्मेंद्र सर, मुलींची फळी नऊवर घ्या.”

मुख्य पंच धर्मेंद्र सरांनी चहाचा कप खाली ठेवला नाही. “नाही जमत ना वो मॅडम. इथं मुलींची सातवरच असते.”

“काहून?”

“सेफ्टी.”

“नियमात कुठं आहे, दाखवा. पुस्तक आणलं मी.”

“तुमी तं पुस्तक घेऊनच झोपत असान,” सर म्हणाले. बाजूचे दोन पंच हसले. “तिले म्हणा ना, दुसरी झेप जराशी आखूड घे. एवढं काय त्यात?”

“तीन वर्षं लांब घे, लांब घे म्हणून डोकं खाल्लं तिचं. आता अर्ध्या तासात आखूड कर म्हणू? अन् पोरायची फळी कधी जवळ आणली का तुमी? त्यायले कधी म्हटलं, बावा, जरा आखूड उड?”

हसू थांबलं. एका पंचानं शिट्टी पुसायला घेतली, दुसरा यादीत डोकं घालून बसला. धर्मेंद्र सर बाईंकडे न बघता खड्ड्याकडे बघू लागले. तिथं टेप घेऊन भावना उभी होती.

भावना आता अकोल्यातल्याच एका शाळेत खेळाची शिक्षिका होती; आज उड्या मोजायचं काम तिच्याकडे होतं. सहा वर्षांपूर्वी ती रागिणीबाईंची पहिली खरी चांगली पोर होती. याच धावपट्टीवर, नऊ मीटरच्या फळीवरून उडताना तिचा गुडघा फिरला आणि ती पुन्हा कधी उडली नाही. आठवड्याभरात संयोजकांकडे अर्ज गेला: मुलींना नऊ मीटर झेपत नाही, फळी जवळ आणावी. अर्जावर पहिली सही रागिणीबाईंची होती. नऊची फळी मातीखाली गेली ती गेलीच.

हे टेबलापाशी सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी काढत नव्हतं, हा त्यांचा चांगुलपणा. एक गोष्ट मात्र अर्जात नव्हती. ती दोघींनाच ठाऊक होती.

“मॅडम,” मागून अपेक्षा म्हणाली. केसांतून अजून वाळू गळत होती. “मी सातवरून नाही उडत.”

“मंग काय करतं?”

“नऊवरून उडते. नाही तं चाला घरी.”

“अवं, ती फळी आहे कुठं ते तरी माहीत आहे का तुले?”

“विचारते ना कोणाले तरी,” म्हणत तिनं नत्थुजींचं फावडं उचललं सुद्धा, आणि धावपट्टीवर खणायला लागली. नत्थुजींनी क्षणभर पाहिलं. मग दाताळ्याच्या दांड्यानं दाखवलं, “तिथं नाही पोरी, दोन हात मांगं. मीच तं बुजवली होती.”

“अवो मॅडम, हे काय लावलं! थांबवा तिले!” धर्मेंद्र सर धावत आले. कप आता कुठं त्यांनी खाली ठेवला होता.

रागिणीबाईंनी काही थांबवलं नाही. बोटभर मातीखालून फळी निघाली. रंग उडालेला, एका कडेला वाळवी लागलेली, पण मधून ठणठणीत. अपेक्षानं तिच्यावर टाच आपटली. टक.

“दोन्ही फळ्या राहू द्या सर,” रागिणीबाई म्हणाल्या. “जिले जवळची पायजे तिनं जवळची घ्यावी. हिले ही घेऊ द्या.”

“अन् हिले काही झालं तं? मॅडम, मी तुमचा मान ठेवून गप आहो. ही फळी बुजवाले कोणी लावली...” सर मध्येच अडखळले.

“जाऊ द्या ना सर,” भावना हळूच म्हणाली. टेप गुंडाळता गुंडाळता तिनं बाईंकडे पाहिलं, आणि नेहमीसारखीच नजर खाली घेतली.

सहा वर्षं ती हेच म्हणत आली होती. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन घरी यायची, जिना एकेक पायरी थांबून उतरायची, आणि जाऊ द्या म्हणायची. पोर त्यांना सांभाळून घेत होती, आणि त्यापायी दर वर्षी विभागातल्या सगळ्या पोरी आखूड उडत होत्या.

“नाही जाऊ द्यायचं,” रागिणीबाई म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की पलीकडे गोळाफेकीच्या रिंगणातली पोरंही वळून बघायला लागली. “कागद घ्या सर, लिहा. खाली सही करते मी, मांगं केली होती तशीच. त्या दिवशी भावना फळीमुळं पडली नाही. सकाळपासून गुडघा सुजला होता तिचा. मॅडम, आज नको, म्हणून दोन वेळा सांगितलं तिनं मले. अन् तरी मी तिले उडवली.”