आधी चालवा, मग किंमत विचारा

मी एक रूळ बोलतोय. मोठ्या गाडीचा नव्हे. दोन हात लांब, दोन बोटं रुंद, एका फळीवर चार स्क्रूंनी बसवलेला. छोट्या आगगाड्यांच्या दुकानात, काउंटरवर, गल्ल्याच्या डाव्या हाताला माझी जागा आहे. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे आहेत, त्यामुळे माझ्यावरून निघालेलं कुणी कुठे पोचत नाही. "हा कसला रूळ!" म्हणून हसणारे पुष्कळ आले. हसा बापडे. अडतीस वर्षांत या दुकानातलं एकही इंजिन माझ्यावर चालल्याशिवाय उंबरठ्याबाहेर गेलेलं नाही.

जन्माने मी काही खास नाही. कारखान्यातून डझनभर भावंडांसोबत एका खोक्यात आलो आणि प्रवासात माझं एक टोक वाकलं. भावंडं विकली गेली. कुणी पोटमाळ्यावरच्या बोगद्यात गेलं, कुणी कागदाच्या लगद्याच्या डोंगरावर चढलं. मी मात्र 'सवलत' लिहिलेल्या टोपलीत पडून राहिलो. माझ्यावरची किंमत दोनदा खोडली, तरी कुणी हात लावेना. एकाने फुकट मागितलं, मग तोही नको म्हणाला. शेवटी दुकानाच्या पहिल्या मालकांनी, त्यांना सगळे बाबा म्हणत, करवत घेतली, माझं वाकडं टोक कापलं, मला फळीवर बसवलं आणि वीज जोडली. "हा आता विकायचा नाही," ते म्हणाले. तेव्हापासून मी कुणाच्या बापाला भीत नाही.

बाबांचा नियम साधा होता. खोक्यावर किंमत लिहायची नाही. इंजिन माझ्यावर ठेवायचं, तीनदा पुढे, तीनदा मागे चालवायचं, दिवा लागतो का ते दाखवायचं आणि मग तोंडाने किंमत सांगायची. गिऱ्हाइकं वैतागत. "अहो, आकडा सांगा ना, मग बघतो!" बाबा म्हणत, "जे बघितलंच नाही त्याचा आकडा ऐकून काय करणार?"

आणि काय एकेक नमुने बघितलेत मी! पहिली किंमत ऐकायच्या आधीच "शेवटचं सांगा" म्हणणारे. खोक्याचा कोपरा दबलाय म्हणून चौथा हिस्सा कमी करा म्हणणारे. एक साहेब तर पाच इंजिनं चालवून घ्यायचे, शंभर प्रश्न विचारायचे, फोटो काढायचे आणि "विचार करून सांगतो" म्हणून जायचे. तो विचार फोनवरच्या ऑनलाइन दुकानात व्हायचा. तिथे थोडं स्वस्त मिळायचं, आणि बंद पडलं की तेच इंजिन घेऊन ते परत माझ्याच दारात. तरी या सगळ्यांची एक गोष्ट मला आवडते. इंजिन चालायला लागलं की चांगले टक्कल पडलेले, पोट सुटलेले लोक खाली वाकून काउंटरला गाल टेकवतात आणि एक डोळा मिटून बघत राहतात. त्या वेळी कुणी हुज्जत घालत नाही.

बाबा गेल्यावर दुकान त्यांच्या मुलीकडे आलं. धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून गिऱ्हाइकंही ताईच म्हणतात. या धाकट्याला मी डोळ्यांसमोर नको असतो. त्याला माझ्या जागी पार्सलं बांधायची आहेत. "बंद खोकं घ्यायचं, बंद खोकं पाठवायचं. चालवून दाखवण्यात अर्धा दिवस जातो, ताई!" ताई ऐकून घेते आणि फडक्याने मला पुसते.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो, कारण लपवणं माझ्या स्वभावात नाही. या दुकानात एक चिठ्ठी लिहिली जायची. इंजिन विकलं, खरे पैसे गल्ल्यात पडले, की गिऱ्हाईक घुटमळायचं आणि हळूच म्हणायचं, "ताई, घरी दाखवायला जरा कमी लिहून द्या ना." ताई हसून खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची. चौदा हजारांच्या इंजिनावर तीनशे. नऊ हजारांच्या डब्यांवर दोनशे. याला 'घरची किंमत' म्हणायचे. सगळे हसायचे. चिठ्ठ्या लिहिल्या जायच्या माझ्याच फळीवर, कारण टेकायला तीच जागा होती. मी काय करू शकत होतो? वीज माझ्यातून जाते, शब्द जात नाहीत. पण राग यायचा, तो आजही येतो.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या नेल्या शिट्टीकाकांनी. माणूस गोड होता. इंजिन सुरू झालं की तोंडाने बारीक शिट्टी वाजवायचा, म्हणून हे नाव. वर्षाला एक इंजिन, कधी दोन. पैसे रोख आणि चिठ्ठी न चुकता. मग एका वर्षी ते आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जागी त्यांची बायको आली.

शनिवारची दुपार होती. काकूंनी दोन मोठ्या थैल्या काउंटरवर ठेवल्या. आत एकवीस खोकी, आणि प्रत्येक खोक्याला उरलेल्या कापडाची वेगळी पिशवी शिवलेली. काकू घरी शिवणकाम करत. बोटांना सुईच्या खुणा होत्या आणि चालताना त्या एक गुडघा सांभाळत होत्या.

"ही यांची इंजिनं," त्या म्हणाल्या. "महिन्याभरात घर सोडायचंय. लेकीकडे एक खोली मिळणार, तिथे एवढं मावायचं नाही. किमती खोक्यांवर आहेतच. जुनी झालीत, अर्ध्यात घ्या. मी काही घासाघीस करणार नाही."

धाकट्याने पहिलं खोकं उचललं, तीनशेची चिठ्ठी वाचली, आतलं इंजिन बघितलं आणि त्याचा आवाज एकदम मधाळ झाला. "काकू, तुम्ही घरच्यासारख्या. अर्ध्यापेक्षा थोडे वरच देऊ आपण. कुठे एकेक मोजत बसता? सगळ्यांचे मिळून आत्ता हातात देतो."

"द्या बाबा. देवच पावला," काकू म्हणाल्या.

ताई त्या चिठ्ठीकडे बघत होती. अक्षर तिचंच होतं. तिच्या कानशिलापर्यंत लाली चढलेली मला दिसली. "आधी चालवून बघू," ती म्हणाली.

"कशाला? त्यांना घाई आहे," धाकटा म्हणाला.

"चालवल्याशिवाय घेत नाही आपण."

तिने काळं, आठ चाकांचं इंजिन माझ्यावर ठेवलं आणि बटण फिरवलं. इंजिन थरथरलं, बोटभर सरकलं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं. नुसता आचका.

"बंद आहे!" धाकटा म्हणाला. "मग काकू, अर्धंसुद्धा जास्तच होतंय."

बंद? अरे, बंद तू असशील! माझ्या अंगावर काय पसरलंय ते मला कळत होतं. तेल! चाक आणि मी यांच्यामधून वीज जाते. मध्ये तेल आलं की ती अडते, एवढं सोपं आहे. पण माझं ऐकतो कोण?

काकूंचा चेहरा उतरला. "असं कसं? मी तर सगळी पुसून आणली. चकचकीत दिसली तर चार पैसे जास्त येतील म्हणून शिलाई मशीनचं तेल लावून एकेक चाक पुसलं. दोन दिवस लागले. चुकलं का माझं?"

ताईने स्पिरिटची बाटली काढली. चाकं पुसली, मला पुसलं. पुन्हा बटण फिरवलं. आणि ते काळं इंजिन असं निघालं माझ्यावरून! एक झटका नाही, एक अडखळणं नाही. दिवा लागला. ठोकळ्यापर्यंत गेलं, मागे आलं.

काकू वाकल्या. गुडघ्याला त्रास होत असतानाही वाकल्या आणि काउंटरला गाल टेकवला. "हे असं चालतं होय?" त्या म्हणाल्या. "मी कधी बघितलंच नाही हो. हे वर पोटमाळ्यावर, मी खाली मशीनवर. मला फक्त यांची शिट्टी ऐकू यायची." थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, "तीनशेच्या मानाने छान आहे."

आता ताईला गप्प बसता आलं असतं. बाजूला धाकटा डोळ्यांनी खुणावत होता, पुढच्या महिन्यापासून दुकानाचं भाडं वाढणार होतं, आणि काकूंच्या घरात खरी किंमत जाणणारा एकमेव माणूस तर आता या जगात नव्हता. मी तिच्या हाताखाली श्वास रोखून पडून होतो. नियम काय सांगतो? आधी चालवायचं, मग किंमत सांगायची. चालवून तर झालं होतं.

"काकू, हे तीनशेचं नाही," ताई म्हणाली. "काकांनी चौदा हजारांना घेतलं होतं. आज जास्तच येतील. ती चिठ्ठी मी लिहिली, ते म्हणाले म्हणून. या सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहिल्यात."

काकू सरळ उभ्या राहिल्या. "सगळ्या?"

"सगळ्या."

"बंद कर ते," काकू इंजिनाकडे बोट करून म्हणाल्या. ताईने बंद केलं. "ज्या वर्षी हे काळं आलं ना, त्या वर्षी मी विजेचं मशीन मागितलं होतं. पायाने मारून मारून गुडघे जात होते. म्हणाले, परवडत नाही गं आपल्याला. आणि मी लोकांच्या फाटक्या चेन बदलत बसले. वर हा माणूस शिट्ट्या वाजवतोय!" त्यांचा आवाज फुटला. "खोटारडा मेला. आणि मी यांच्या खोक्यांना पिशव्या शिवतेय."

"मला माफ करा, काकू," ताई म्हणाली.

"माफी घेऊन काय करू मी? किंमत सांग. एकेकाची सांग. खरी."

त्या दुपारी एकवीसच्या एकवीस इंजिनं माझ्यावरून गेली. प्रत्येकाची चाकं पुसायची, तीनदा पुढे, तीनदा मागे, आणि मग ताई मोठ्याने आकडा सांगायची. प्रत्येक आकड्याला काकू म्हणत, "पुढचं." दोन इंजिनं खरंच अडखळत होती. त्यांची किंमत ताईने कमी सांगितली, काकूंनी तीही ऐकून घेतली. सगळं एकदम विकत घेण्याएवढे पैसे दुकानात नव्हते. तेव्हा ठरलं असं, की माल इथेच राहील, जसजसा जाईल तसे काकूंना पैसे मिळतील आणि दुकानाला दहावा हिस्सा. घर सोडायच्या आधी काकूंच्या हातात काही पडावं, म्हणून काळं इंजिन ताईने त्याच दिवशी पूर्ण किमतीला घेतलं.

काकू गेल्यावर धाकटा उखडला. "आयता चालून आलेला माल होता, ताई! हाताने घालवलास."

"आयता नव्हता," ताई म्हणाली. "त्यांच्या गुडघ्यांवर आला होता."

तेव्हापासून काकू दर शनिवारी येतात. स्टुलावर बसतात आणि त्यांची इंजिनं स्वतः चालवून दाखवतात. घासाघिशीत त्यांना हरवणारा मी अजून बघितला नाही. आयुष्यभर "बाही जरा लांब करा, पैसे मात्र तेवढेच" ऐकलेली बाई ती! फोनवरची स्वस्त किंमत कुणी नाकासमोर नाचवली तर म्हणतात, "तिथेच घ्या की. पण चालत नसलं तर त्या फोनकडेच न्या दुरुस्तीला." काही जण खरंच तिथे घेतात. जाऊ देत. अकरा इंजिनं अशीच एक पैसा कमी न करता गेली आहेत.

मागच्या महिन्यात एका गृहस्थाने हिरवं इंजिन पसंत केलं. पैसे काढता काढता ताईकडे झुकून हळूच म्हणाले, "घरच्यासाठी जरा कमी लिहून द्याल ना?" स्टुलावरच्या काकूंनी वर बघितलं. "घरचा नंबर सांगा," त्या म्हणाल्या. "मीच बोलते तुमच्या मिसेसशी." गृहस्थ लालबुंद झाले, पैसे खिशात घातले आणि चालते झाले. "गेलं गिऱ्हाईक," धाकटा म्हणाला. मीही तेच म्हटलं असतं.

पुढच्या शनिवारी ते आले आणि सोबत बायकोला घेऊन आले. तिने हिरवं इंजिन माझ्यावर तीनदा पुढे, तीनदा मागे जाताना बघितलं, मग चौथ्यांदा चालवायला लावलं. किंमत विचारली. काकूंनी सांगितली. ती नवऱ्याकडे एवढा वेळ बघत राहिली की त्याला घाम फुटला. मग म्हणाली, "घेऊ. पण घरी जाऊन मागची सगळी खोकी काढायची, आणि प्रत्येकाची खरी किंमत मला सांगायची. आजच." काकूंनी इंजिन खोक्यात ठेवलं आणि त्यावर ठसठशीत अक्षरात पूर्ण आकडा लिहिला. माझ्याच फळीवर टेकून.

मी आता झिजलोय. धाकट्याचा डोळा अजून माझ्या जागेवर आहे, वाढीव भाडं सुरू झालंय, आणि हे दुकान पुढच्या वर्षी असेल की नाही ते मला माहीत नाही. मला उखडायचं तर उखडा. पण उखडेपर्यंत या काउंटरवर न चालवता काही विकलं जाणार नाही, आणि खोटा आकडा लिहायला माझी फळी मिळणार नाही. घासाघीस करा, जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त येताना घरच्यांना सोबत आणा. चला, ठेवा इंजिन माझ्यावर.