नखांतली काजळी

मंगळवार हा ऑर्फाचा इस्त्रीचा दिवस. नवऱ्याचे म्हणजे डॉइलचे सदरे, नेल्डाचा शाळेचा फ्रॉक आणि सगळ्यात शेवटी तो निळ्या चौकड्यांचा झालरवाला झगा. दर शनिवारी सभागृहातून होणाऱ्या रेडिओच्या कार्यक्रमात गायक क्लेटन टॉलिव्हरच्या मागे ऑर्फा धरून ज्या तिघी गायला उभ्या राहायच्या, त्या तिघींचा झगा एकसारखा. त्यातली कोणती कोण, हे बघणाऱ्याला सांगता यायचं नाही, आणि कोणी बघतही नसे म्हणा.

स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. गाणं संपलं आणि निवेदक गदगदून म्हणाला, "काय हृदय आहे बघा या माणसांचं! गाणं लिहिलंय डॉइल स्टिडम आणि खुद्द क्लेटन टॉलिव्हर यांनी!"

ऑर्फाचा हात थांबला. डॉइलच्या कॉलरवर तपकिरी डाग पडला.

"आई, जळतंय!" शाळेतून आलेली नेल्डा ओरडली. चौदा वर्षांची पोर, पुस्तकं अजून काखेतच. "कुठे हरवतेस गं? आणि ऐक ना, आज बाईंनी वर्गात सांगितलं, नेल्डाचे वडील कवी आहेत म्हणून! सगळ्या माझ्याकडे बघत होत्या."

"हो का," ऑर्फा म्हणाली. "हात धू. घेवडा आणि मक्याची भाकरी आहे."

दुसरं काय म्हणणार होती ती?

आमच्या नॅशव्हिलमध्ये गाण्यांचा धंदा चालतो तसा एका रिवाजाचाही धंदा चालतो, आणि तो कोणी लपवत नाही. मोठ्या गायकाने तुमचं गाणं घेतलं, की तो त्यातला एखादा शब्द बदलतो. फार तर एक ओळ. तेवढ्यावर गाण्याखाली त्याचं नाव लागतं. आणि गाणं बाईचं असेल तर उरलेल्या जागी तिच्या नवऱ्याचं, नाहीतर भावाचं. का? तर म्हणे, बाईचं नाव दिसलं की रेडिओवाले रेकॉर्ड बाजूला ठेवतात. कोणत्या रेडिओवाल्याने कधी ठेवली, ते विचारू नका. सगळे म्हणतात म्हणून सगळे म्हणतात. चर्चला जाणारी, जेवणाआधी हात जोडणारी सज्जन माणसं आहेत ही, आणि यात चोरी झाली असं एकालाही वाटत नाही, याचा मला संताप येतो.

ऑर्फाचं हेच झालं होतं, एकदा नव्हे, दर वेळी. प्रेमाची, रुसव्याची, दारुड्या नवऱ्यांची गाणी तिने भराभरा दिली आणि विसरली. पण हे गाणं तिच्या आईचं होतं.

आई केंटकीच्या डोंगरात कोळशाच्या खाणीजवळ राहायची. बाप खाणीतून यायचा तो डोळ्यांखेरीज सगळा काळा. आई त्याचे कपडे जन्मभर घासत राहिली आणि ती काजळी तिच्या नखांत जाऊन बसली. ती गेल्यावर तिला शेवटची आंघोळ घातली तेव्हा ऑर्फा आणि झेलामावशी ब्रशने ती नखं घासत होत्या. निघाली नाही. शेवटी मावशी म्हणाली, "राहू दे गं, तिचीच आहे ती." त्यावरून ऑर्फाने लिहिलं होतं:

धुतले सदरे, धुतली भांडी, धुतली चूल सगळी,
निघाली नाही आईच्या नखांतली काजळी.

टॉलिव्हरने स्टुडिओत ते ऐकलं. डोळे पुसले, अगदी खरे. मग म्हणाला, "पोरी, गाणं सोन्यासारखं आहे. पण काजळी? शी! लोक रविवारी जेवताना ऐकणार. आई म्हटली की कशी पांढरीशुभ्र पाहिजे." त्याने शीळ घातली, जरा विचार केला आणि गायला, "मळली नाही आईच्या हातांमधली लिली."

"माझ्या आईने लिली कधी पाहिलीही नसेल, टॉलिव्हरसाहेब."

"मग आता पाहील की, वरून!" तो हसला. सगळे हसले. टॉलिव्हरची बस चालवणारा डॉइलसुद्धा हसला.

त्या संध्याकाळी तिने डॉइलला विचारलं, "या एका गाण्यावर तरी माझं नाव लागू दे ना. बाकी सगळी घे."

"अगं, माझं नाव काय आणि तुझं काय! घर एकच ना आपलं?"

"मग माझं लाव."

डॉइल चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तिच्या खांद्यावर थोपटून तो म्हणाला, "वेडी आहेस," आणि बस धुवायला निघून गेला.

गाणं गाजलं. त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी झेलामावशीचा फोन आला. खाण कंपनीच्या दुकानातून ओरडून बोलत होती.

"ऑर्फे, जावयाने लिहिलंय छान हो! पण त्याला विचार, तुझ्या आईचे, आमच्या ईलाचे हात लिलीसारखे कधी होते? दुसऱ्याच कुणाच्या आईवर लिहिलंय का?"

"नाही मावशी. आईवरच आहे."

"मग आमची ईला कुठे गेली त्यातून?"

ऑर्फाने फोन ठेवला. ती भिंतीला टेकून रडली, आणि नेल्डाची चाहूल लागताच कांदा चिरायला बसली.

शनिवार आला. सभागृह तुडुंब भरलेलं, कार्यक्रम थेट रेडिओवर. एका मायक्रोफोनभोवती तिघी दाटीवाटीने उभ्या: ऑर्फा मध्ये, डावीकडे ग्लेनिस, उजवीकडे नवी मुलगी. काम सोपं होतं. टॉलिव्हर ओळ संपवणार, यांनी तिचा शेवटचा शब्द हळूच परत म्हणायचा. मागे गाणाऱ्या बायकांना स्वतःचा शब्द नसतो, पुढच्याचाच शब्द उचलायचा असतो.

"ओठांना रंग लाव गं, पांढरी पडलीस," ग्लेनिस कुजबुजली. "बरं नाही का?"

"मावशी ऐकतेय आज," ऑर्फा म्हणाली.

निवेदकाने ती दोन नावं घेतली. टाळ्या झाल्या. टॉलिव्हरने हॅट छातीशी धरली, डोळे मिटले, आणि आवाज लावला, "मळली नाही आईच्या हातांमधली लिली..."

आणि मागून, स्वच्छ, संथ, डोंगरातल्या बायका प्रार्थनेत गातात तशा उघड्या आवाजात आलं, "काजळी..."

नवी मुलगी गप्पच झाली. टॉलिव्हरची मान वळली. पण थेट कार्यक्रम, थांबणार कसा? दुसऱ्या वेळी तो "लिली"वर जरा जोर देऊन गायला. ऑर्फा म्हणाली, "नखांतली काजळी." तिसऱ्या वेळी ग्लेनिसनेही तिच्या सुरात सूर मिसळला. ग्लेनिसची आईपण खाणीवरचीच होती.

रविवारी चर्चमधून आल्यावर टॉलिव्हर स्वतः घरी आला. रागावलेला नव्हता. तळलेल्या कोंबडीचं ताट पुढे ओढून गोड बोलत होता.

"पोरी, डोंगरातून फोनवर फोन येताहेत. काजळी काय भानगड आहे म्हणून विचारतात. तू फार काही करू नकोस. येत्या शनिवारी मी गंमत करीन, तू मायक्रोफोनवर येऊन हसून म्हण, 'जीभ घसरली हो माझी.' संपलं. तुझी जागा तुझी, डॉइलची बस डॉइलची."

"म्हण ना," डॉइल म्हणाला. "दोन शब्द तर आहेत. चूक झाली म्हणायला काय जातं?"

ऑर्फाने नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर तो कधी अंगावर धावून आला नव्हता, दारू प्यायला नव्हता. फक्त तिचं सगळं त्याच्या नावावर होतं. नाही म्हटलं तर याची बसही जाईल, हे तिला कळत होतं, आणि तिला त्याची दयाही आली.

दारात नेल्डा उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "गाणं तुम्ही लिहिलंय ना? मग काजळी कोणाची?"

डॉइलने भाकरीचा तुकडा मोडला. तो खाल्लाही नाही आणि मान वरही केली नाही.

"बाबा?"

"जेव आधी," तो म्हणाला.

पोरीचा चेहरा पार उतरला. तिला काय कळायचं ते कळलं.

ऑर्फाने हात पुसले. "टॉलिव्हरसाहेब, जीभ घसरली नाही. आईच्या नखांत काजळीच होती. आणि गाणं मी लिहिलंय."

"नीट विचार कर. या गावात मग तुला कोणी उभं करणार नाही."

"नका करू."

त्याने हॅट उचलली. जाताना कोंबडी छान झाल्याचं सांगायला विसरला नाही.

आणि तसंच झालं. ऑर्फाला पुन्हा कोणी बोलावलं नाही. डॉइलची बस दुसऱ्याकडे गेली. तो आता एका गोदामात जातो आणि घरात फारसा बोलत नाही. गाणं अजून वाजतं, खाली तीच दोन नावं. तो निळा झगा आता दुसरीच कोणी घालते आणि "लिली, लिली" म्हणते.

पण शनिवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात नेल्डा रेडिओ मोठा करते, आणि टॉलिव्हरची ती ओळ आली की मायलेकी भांडी घासता घासता एका सुरात म्हणतात, "काजळी!" झेलामावशी सांगते, तिकडे खाणीवर तर घराघरांतून म्हणतात.

नेल्डाही हल्ली गाणी लिहिते. परवा डॉइलने चाचरत विचारलं, "कुणाला द्यायचं असेल तर सांग, माझी ओळख आहे..." ती म्हणाली, "द्यायचं नाही, बाबा. मीच गाणार आहे."

वाचकहो, तुमच्याही घरात कोणीतरी मागे उभी राहून तुमचा शेवटचा शब्द उचलत असेल. तुम्हाला वाटतं, सूर छान लागलाय. एकदा गाणं थांबवा, मागे वळा, आणि तिला विचारा, तिचा स्वतःचा शब्द कोणता होता.