ताईचा डावा हात

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर निम्मंच ऐकू येईल, आणि आज माझा आवाजही बसलाय. पूर्वरंग लांबवत नाही, कीर्तनात जांभई आली की मलाच चोरट्यासारखं होतं. एका बहीणभावाची गोष्ट सांगते. छोटीच आहे.

बहीण हॉस्पिटलात नर्स, भाऊ एका कारखान्यात सिरिंजा घडवणारा. घरात ती ताई आणि तो धाकटा. पेशंटला टोचलेली सुई नर्सच्या हातात घुसते आणि त्याच्या रक्तातला आजार तिच्या अंगात शिरतो, हे थांबवायचं धाकट्याने मनावर घेतलं होतं. त्याने सुईला प्लास्टिकचं म्यान केलं. इंजेक्शन दिलं की दुसऱ्या हाताने म्यान पुढे सरकवायचं, खट्ट वाजलं की सुई आत बंद. कारखान्यात तो स्पंजच्या ठोकळ्याला टोचून टोचून ते पारखायचा. घरी जेवणाच्या टेबलावरही स्प्रिंगा पडलेल्या. आई म्हणायची, याचं लग्नाचं वय सुयांच्या नादात गेलं.

आणि गंमत अशी, की धाकटा स्वतः सुईला भ्यायचा. इंजेक्शन घ्यायचं म्हटलं की डोळे गच्च मिटून घ्यायचा. ताई म्हणायची, पोहता न येणारा नावाडी आहे आमचा.

शेवटी ताईच्याच वॉर्डात ते म्यान वापरून बघायला दिलं. आणि ताईलाच सुई लागली.

एक थरथरता म्हातारा होता, त्याच्या रक्तात वाईट आजार. सुई काढल्यावर तो दचकला आणि सुई ताईच्या डाव्या हाताच्या बोटात गेली. आजार लागू नये म्हणून लगेच गोळ्या सुरू झाल्या. तोंड कडू, जेवण जाईना, तरी ताई ड्यूटीवर. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. आई नुसती देवापुढची वात पुन्हा पुन्हा सारखी करायची.

धाकट्याने ती सिरिंज तपासली. म्यान अडकलं नव्हतं, तुटलं नव्हतं. कोणी सरकवलंच नव्हतं. कारखान्याचे साहेब हे ऐकून सुटल्यासारखे झाले. म्हणजे दोष आपला नाही, नर्स विसरली. तिने तेवढं सांगितलं की माल बनवायला घेऊ, म्हणाले.

धाकट्याने घरी विचारलं. ताई पलंगाच्या कडेला बसून सुजलेले पाय चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "विसरले असेन रे. सांगते उद्या तुझ्या साहेबांना."

धाकट्याला हायसं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा कापताना त्याचा तळवा फाटला. धुऊन, पट्टी बांधून तो ताईच्या वॉर्डात गेला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला. साहेबही मागोमाग यायचे होते, ताईचं ऐकायला. ताईने म्यानाचीच सिरिंज घेतली, धाकट्याने सवयीने डोळे मिटले. सुई गेली, सुई निघाली. पण दंडावर कापूस दाबून धरलेला ताईचा हात निघेना. अंगठ्याने ती हळूहळू चोळत होती, लहानपणी ताप आल्यावर चोळायची तसं. आता तरी म्यानाचा खट्ट आवाज येईल म्हणून तो वाट बघत राहिला. येईना, तेव्हा त्याने डोळे उघडले.

ताईच्या उजव्या हातात उघडी सुई होती. डावा हात त्याच्या दंडावर होता.

त्याला स्पंजचा ठोकळा आठवला. स्पंजाला रक्त येत नाही. स्पंजाला धरून ठेवावं लागत नाही.

"ताई, तू विसरली नव्हतीस."

"गप रे. म्हातारा केवढा घाबरला होता, त्याला सोडू कसा?" मग म्हणाली, "तुझं एवढ्या वर्षांचं काम माझ्यापायी अडायला नको."

साहेब आले, तेव्हा ताईने तोंड उघडायच्या आत धाकटा बोलला. हे म्यान चालणार नाही. दुसरा हात लागतो, आणि नर्सचा दुसरा हात मोकळा नसतो, तो पेशंटवर असतो. साहेब वैतागले, म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून? धाकटा म्हणाला, हो. त्याचा आवाज इतका दमलेला होता, की साहेबांनी वाद घातला नाही.

ताईचा पहिला रिपोर्ट चांगला आला. दुसरा अजून यायचाय, त्याशिवाय डॉक्टर मोकळं करत नाहीत. गोळ्या संपल्या, पण तोंडाची चव अजून परतली नाही. टेबलावर नवे तुकडे पसरलेत. आता सुई आपली आपण मागे जायला हवी: दट्ट्या शेवटपर्यंत दाबला की ती नळीच्या आत ओढली जावी, उजव्याच हाताने, डावा न हलवता. अजून जमलेलं नाही. स्प्रिंग कधी लवकर सुटते, कधी सुटतच नाही. जेवताना आई तुकडे बाजूला सारते.

एवढीच गोष्ट. आता उठा, पाय आखडले असतील. पण कधी इंजेक्शन घ्यायची वेळ आली, सुई निघाली आणि कापूस धरलेला एक हात तुमच्या दंडावर थोडा जास्त वेळ राहिला, तर आमच्या ताईची आठवण काढा. देवाजवळ तिच्या दुसऱ्या रिपोर्टासाठी एक शब्द टाका.