लूप झडलेला टॉवेल

ताप उतरताच शिवपुत्र अप्पांनी न्यूमोनियाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. फेकल्या मात्र नाहीत. फेकलेलं सुनेच्या नजरेला पडतं. खिडकीत मागावरची एक रिकामी कांडी होती, सूत गुंडाळायची पोकळ नळी. तिच्यात ते एकेक गोळी टाकत गेले. संध्याकाळी सुनेने, रुद्राणीने, धूळ पुसायला कांडी उचलली, तर ती खुळखुळली.

रुद्राणी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. तिने कांडी जागच्या जागी ठेवली आणि अप्पांच्या दाढीचं ब्लेड शोधायला गेली.

सकाळी अप्पा शर्ट चढवून तयार. "कारखान्याला जातो. आता लई बरं हाय. तिकडं माग चालू अन् मी हितं पेज पीत बसू व्हय?"

"जा की," रुद्राणी म्हणाली. "जाताना एवढा टॉवेल बघा. चहा सांडला होता, डाग धुऊन काढलाय. फर्स्ट मालात जाईल ना?"

अप्पांनी टॉवेलकडे बघितलंही नाही. टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायच्या सवयीने डोळे मिटून, सुताच्या उभ्या फासांवरून, लूपवरून, तळवा उलटा फिरवला. मध्येच हात थांबला.

"हितले लूप कुटं गेले? पार टक्कल पडलंय."

"पण डाग गेला की."

"डाग गेला म्हणून माल फर्स्ट होतो व्हय? हे पाणी तरी टिपंल का? कुणी केलं हे?"

"तुमच्या छातीत जंतूंनी केलं तेच मी इथं केलं. श्वासनळीच्या अस्तरावर असेच बारीक केस असतात. ते सारखे हलून धूळ, कफ वर ढकलतात. जंतूंचं विष पेशींना भोकं पाडतं. केस मंदावतात, मग झडतात. त्यावर कारखान्यातली रुई बसली, तर वर कोण ढकलणार?"

अप्पांनी खिडकीकडे चोरून बघितलं.

"म्हणजे मी सेकंडचा माल?"

"सध्या. टॉवेलचे लूप परत येत नाहीत, तुमचे येतील. आधी जंतू संपू देत."

अप्पांनी शर्टाची बटणं सोडली आणि कांडी तळहातावर उपडी केली. "सगळ्या एकदम घेऊ?"

"अजिबात नाही. डॉक्टरांना फोन लावते. काय केलंत ते तुमच्या तोंडाने सांगा."

फोन लागेपर्यंत अप्पा टॉवेल चाचपत बसले. "खराब केलास तो टॉवेल कुणाचा?"

"तुमचाच. ब्लेडही तुमचंच."

अप्पांनी हनुवटीवरून हात फिरवला. तरीच आज दाढी करताना ओढत होतं.